आत्याच्या कॅसेटमधलं 'बाबुल मोरा' आणि एक रिकामी ओळ

जुना ओटला

बडोद्यातला आमचा वाडा येत्या रविवारी आम्ही सोडतोय. बाबाजीपुऱ्यातला, चार पिढ्यांचा. हिंचक्याच्या पितळी कड्या, सागवानी कपाट, देवघर, सगळ्याच्या वाटण्या झाल्या. माळ्यावरच्या ट्रंकेत तळाशी एक कॅसेट मिळाली. कागदावर आत्याच्या अक्षरात एकच शब्द, 'भैरवी', आणि खाली १९८६.

आत्या लग्नानंतर दीड वर्षात परत आली ती कायमची. त्यानंतर ती सुरसागरच्या काठावरच्या गायनशाळेत शिकली आणि पुढे पस्तीस वर्षं आमच्या पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, मुलींना पेटी शिकवत राहिली. पोळातली मुलगी सासरी निघायची, तेव्हा आदल्या रात्री रुखवत मांडून झाला की बायका ओट्यावर बसायच्या आणि आत्या 'बाबुल मोरा, नैहर छूटो ही जाए', म्हणजे बाबा, माझं माहेर सुटतंय, ही ठुमरी म्हणायची. लग्नाच्या दिवशी बँडचा गोंगाट आणि गाडीची घाई, म्हणून आदल्या रात्री. माझं वय तेव्हा सहा. मला आठवतो तो फक्त कंदिलाचा उजेड आणि रडणाऱ्या बायका.

आता कॅसेटबद्दल. साधारण नऊ मिनिटं आहेत. आत्या, पेटी आणि तबला. 'चार कहार मिल' झालं, 'अंगना तो परबत भया, और देहरी भई बिदेस' झालं. मग 'ले बाबुल घर आपनो' इथपर्यंत येऊन ती थांबते. पुढचं 'मैं चली पिया के देस' नाहीच. पेटीवर एक सूर धरलेला, तबला चालू. आणि बऱ्याच वेळानं ती एकदम तुकाराम महाराजांवर जाते: 'कन्या सासुऱ्यासी जाये, मागें परतोनी पाहे'. तेही भैरवीतच.

या धाग्यात मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे गाणं तुम्ही कुणाकुणाचं ऐकलंय, आणि ही ओळ सोडणारं कुणी ऐकलंय का? आणि ठुमरीत अभंग घालायची बडोद्यात काही रीत होती का? आत्या २०११ साली गेली. विचारायला घरात कुणी उरलं नाही.

सात सत्तावन्न

माझं नाव वाचून ओळखलं असेलच. रेडिओ सिलोनवर सकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि सात सत्तावन्नला शेवटचं गाणं सैगलचं. मांडवीजवळच्या आमच्या घरात त्या गाण्यावर वडील आंघोळीला उठायचे. ज्या दिवशी 'बाबुल मोरा' लागायचं त्या दिवशी मात्र ते उठायचे नाहीत. गाणं संपेपर्यंत खांद्यावर पंचा घेऊन दारात उभे.

'स्ट्रीट सिंगर' १९३८ चा. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचा, दिग्दर्शक फणी मजुमदार, संगीत रायचंद बोराल, सैगलबरोबर कानन देवी. पार्श्वगायन न्यू थिएटर्समध्येच १९३५ ला सुरू झालं होतं, म्हणजे आधी ध्वनिमुद्रण करून पडद्यावर नुसते ओठ हलवायची सोय होती. सैगलनं ती नाकारली. हे गाणं त्यानं रस्त्यानं चालत, कॅमेऱ्यासमोर, तिथल्या तिथे गायलं. वादक आणि माइक चौकटीबाहेरून त्याच्याबरोबर सरकत होते. घर सुटलेला माणूस चालतोय, आणि चालताना जो श्वास लागतो तोच त्या गाण्यात आहे. खुर्चीत बसून तो श्वास येत नाही.

माझ्यासाठी हे गाणं तिथं सुरू होतं आणि तिथंच संपतं. बाकीच्यांनी गायलं, आदर आहे. पण मूळ ते मूळ.

हॉस्टेलवाली

काका, मी तुमचं मत खोडत नाही, पण माझ्यासाठी ते गाणं अरिजीत सिंगपासून सुरू झालं. २०१७ च्या 'पूर्णा'मध्ये आहे. मी फतेगंजच्या बाजूला हॉस्टेलवर राहते, घर जळगावकडे. पहिल्या सत्रात रोज रात्री गच्चीवर इअरफोन लावून तेच ऐकायचे.

तो सिनेमा तेराव्या वर्षी एव्हरेस्ट चढलेल्या मुलीचा आहे. आणि ठुमरीत शब्द काय आहेत? 'अंगना तो परबत भया'. अंगणाचा डोंगर झाला. दीडशे वर्षांपूर्वीच्या ओळीत ती मुलगी आधीच उभी होती असं वाटलं मला. कुणीतरी ते हेरलं म्हणून तर हे गाणं तिथे आलं असणार.

मग मी मागे मागे गेले. जगजीत आणि चित्रा सिंग यांचं 'आविष्कार'मधलं, मग गिरिजा देवी, मग भीमसेनजी. सैगलपर्यंत सगळ्यात शेवटी पोचले. कव्हर व्हर्जन ऐकलंच नसतं तर मूळ ऐकायला आले असते का?

सात सत्तावन्न

बेटा, तू आलीस ना सैगलपर्यंत, मग माझं काही म्हणणं नाही.

स्वरमंडळ

'मूळ' हा शब्द दोन्हीकडून आला म्हणून लिहितो. बत्तीस वर्षं शिकवण्यात गेली, तेव्हा थोडं लांबेल.

सैगलचं मूळ नव्हे. ही ठुमरी परंपरेनं वाजिद अली शाह यांच्या नावावर आहे. ते अवधचे शेवटचे नवाब. ईस्ट इंडिया कंपनीनं फेब्रुवारी १८५६ मध्ये त्यांचं राज्य खालसा केलं आणि मार्चमध्ये त्यांनी लखनौ सोडलं, ते कलकत्त्याकडे. नैहर म्हणजे लखनौ, बाबुल म्हणजे ते शहर, असा अर्थ लावतात. त्या वेळी ध्वनिमुद्रण नव्हतंच. म्हणजे पहिलं 'बाबुल मोरा' कसं होतं ते कुणाच्याही कानावर पडलेलं नाही. सैगल पडद्यावर गाईपर्यंत मध्ये ब्याऐंशी वर्षं गेली होती, आणि त्या वर्षांत ती चीज किती कोठ्यांवर, किती दिवाणखान्यांत, किती तालमींत फिरली असेल. सैगल त्या रांगेत उभा आहे. फार उंच उभा आहे, पण रांगेतच.

आणि बडोदेकरांनी तर त्या रांगेत आपल्या घरचा माणूस आधी पाहावा. उस्ताद फैयाज खाँ. आग्रा घराणं, बडोद्याचे दरबारी गवई, 'प्रेमपिया' नावानं चिजा बांधणारे. ५ नोव्हेंबर १९५० ला याच गावात गेले, याच मातीत आहेत. नोमतोम आणि धमार ऐकून लोक त्यांना फार रांगडे समजतात. त्यांचं आकाशवाणीवरचं 'बाबुल मोरा' ऐका. खर्जातला भरदार आवाज, आणि त्या आवाजात 'नैहर' हा शब्द येतो तेव्हा घरातला कर्ता पुरुष खांबाआड तोंड लपवून रडतोय असं वाटतं. सैगलकडे निघणाऱ्याचं दुःख आहे. खाँसाहेबांकडे मला नेहमी निरोप देणाऱ्याचं ऐकू आलं. शब्द तेच.

कव्हर हा शब्द मला अडतो तो इथे. आपल्याकडे चीज गातात, म्हणजे मांडतात. बंदिशीच्या दोन ओळी हा आराखडा, भिंती प्रत्येकानं आपल्या उभ्या करायच्या. ठुमरीत तर बोलबनाव हाच जीव. 'छूटो ही जाए' हे तीन शब्द. एकदा ते विनवणी होतात, एकदा तक्रार, एकदा नुसता सुस्कारा. भैरवीत रे, ग, ध, नी कोमल खरे, पण ठुमरीची भैरवी बाराही स्वरांना घरात घेते, म्हणून एवढे रंग. जो गायक आधीच्यासारखंच गातो त्यानं गायलंच नाही असं आमच्याकडे म्हणतात.

वाडी नाका

+१. आणि संगीत नाटकाची जुनी पुस्तकं ज्यांनी हाताळलीत त्यांना हे नवीन नाही. प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात 'चाल' लिहिलेली असायची, कुठल्या चिजेवरून किंवा कुठल्या पदावरून घेतली ती. लपवाछपवी नाही, उलट मानानं छापायचे. भास्करबुवा बखले बडोदे संस्थानातल्या कठोरचे, बडोद्यातच शिकले, आणि १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये त्यांनी घराण्यांच्या चिजांचे साचे बालगंधर्वांच्या गळ्यात बसवले. त्याला आपण नक्कल म्हणत नाही.

स्वरमंडळ

अगदी. आणि सैगलचंच पाहा. १९३५ च्या 'देवदास'मध्ये तो 'पिया बिन नहीं आवत चैन' गायला, ती अब्दुल करीम खाँसाहेबांनी गाजवलेली झिंझोटीची ठुमरी. अब्दुल करीम खाँ तरुणपणी बडोदे दरबारातच होते. इथूनच ताराबाईंसह गेले, आणि मुलगी पुढे हिराबाई बडोदेकर झाली. गाव सुटलं, आडनावात राहिलं.

धागाकर्त्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ठुमरीच्या मध्ये दोहा, शेर, कवित्त घालायची रीत जुनी आणि सर्वमान्य आहे. अभंग घातलेला मी ऐकला नव्हता. पण का घालू नये? दोह्याच्या जागी ओवी-अभंग, हे बडोद्याच्या मराठी बाईला सुचेल नाही तर कुणाला. ओळ मध्येच सोडण्याचं मात्र मला कळत नाही. ती समेवर आणणारी ओळ आहे. कॅसेट ऐकल्याशिवाय बोलणार नाही.

टेपदुरुस्ती

थांबा, थांबा. धागाकर्ते, ती कॅसेट आता परत वाजवू नका!

१९८६ ची टेप आहे. आत डोकावून पाहा, कडेला पांढरट बुरशी दिसते का. फीतीच्या मागे छोटा फेल्टचा तुकडा असतो, तो गळून पडला असेल तर आवाज दबतो आणि फीत घासते. नव्वद मिनिटांची असेल तर फीत पातळ, अडकली की ताणली जाते. आधी पेन्सिल घालून हातानं सावकाश शेवटपर्यंत गुंडाळा आणि परत आणा, म्हणजे चिकटलेले थर सुटतील. कवच स्क्रूचं असेल तर नवीन कवचात फीत बसवता येते. मग चांगल्या डेकवर, हेड स्पिरिटनं पुसून, एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी संगणकावर घ्यायची. एमपीथ्री नको. वेव्ह फाइल, चोवीस बिट. खरखर काढायच्या नादात सॉफ्टवेअर चालवू नका, पेटीचा श्वास जातो त्यात.

मी मांजलपूरला आहे. घरी डेक आहे. पैसे नाही घेणार. संध्याकाळी घेऊन या.

जुना ओटला

आजच येतो. खूप आभार.

मटियाबुर्ज मार्गे

जन्म दांडिया बाजारातला, नोकरी कोलकात्यात. मी इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मेटियाब्रुजला गेलो होतो, या गाण्यासाठीच. हुगळीच्या काठी, गोदी आणि शिंप्यांच्या वस्तीत सिब्तैनाबाद इमामबाडा आहे. वाजिद अली शाह तिथे पुरलेले आहेत. १८८७ साली गेले. एकतीस वर्षं त्यांनी या काठावर काढली आणि दुसरं छोटं लखनौ उभारलं. गवई, नर्तक, स्वयंपाकी, पतंगबाज, सगळे आले. लखनौला परत जाता आलं नाही.

त्यांच्याच नावावर निरोपाची आणखी एक ओळ सांगतात: 'दर-ओ-दीवार पे हसरत से नज़र करते हैं, ख़ुश रहो अहल-ए-वतन हम तो सफ़र करते हैं.' भिंतींकडे डोळे भरून पाहतो आणि निघतो. हिचं पुढे काय झालं पाहा. भगतसिंगांनी मार्च १९३१ मध्ये, फाशीच्या आधी, धाकट्या भावाला, कुलतारला, पत्र लिहिलं त्यात शेवटी ही ओळ आहे. नवाबाचं शहर सोडणं, आणि पंचाहत्तर वर्षांनी तेवीस वर्षांच्या मुलाचं जग सोडणं. एकाच ओळीत दोघं मावले.

धागाकर्ते, वाडा सोडतानाची तुमची ती पहिली चार वाक्यं वाचली आणि मला हीच ओळ आठवली. दांडिया बाजारातलं आमचं घर २००४ ला गेलं. तिथे आता चार मजली इमारत आहे. मी त्या रस्त्यानं अजून जात नाही.

माहेरवाशीण

इतका वेळ नुसती वाचत होते. आता लिहिते.

मी मूळची साताऱ्याकडची. १९९४ ला लग्न होऊन बडोद्यात आले. सासूबाईही साताऱ्याच्याच, त्यांच्या सासूबाई पुण्याच्या. बडोद्यातल्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सुना घाटावरून येत राहिल्या आणि मुली बडोद्यातून घाटावर जात राहिल्या. त्यामुळे 'देहरी भई बिदेस', उंबरा परका झाला, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी आले तेव्हा भाजीवालीशी गुजराती बोलता येत नव्हतं आणि खंडेराव मार्केटच्या पायऱ्यांवर मी एकदा रडले आहे, नुसत्या कोथिंबिरीसाठी.

माहेर हा शब्द मातृगृहावरून आला असं सांगतात. आईचं घर. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत लेक आईशी बोलते, नाहीतर भावाशी. बापाशी फार थोडं. 'बाबुल मोरा' मला म्हणून वेगळं वाटलं. इथे मुलगी थेट बापाला हाक मारते आणि त्याचं घर त्याला परत करते. ले बाबुल घर आपनो. घे तुझं घर. या 'ले'मध्ये राग आहे, लाड आहे, आणि हिशेब मिटवून मोकळं होणंही आहे. काही जण तिथे 'ले'च्या जागी 'ये' म्हणतात, तेव्हा ते सगळं जातं.

आणि चार कहार. मला लहानपणी ते पालखीचे भोईच वाटायचे. २०१९ ला बाबा गेले. मी पोचेपर्यंत दुपार झाली होती. अंगणात चौघे उभे होते खांदा द्यायला, आणि मला डोक्यात ऐकू आलं, 'चार कहार मिल मोरी डोलिया सजावें'. काही जण 'उठावें' म्हणतात. त्या दिवशी मला दोन्ही कळले. सजवली, मग उचलली. आजवर जे गाणं मुलीचं होतं ते बाबांचं झालं. माझाच बाबुल नैहर सोडून निघाला होता.

एक गोष्ट मात्र मला पुढे खूप दिवस छळत राहिली. या ठुमरीत, कबीरांच्या वाटेनं जाणाऱ्या पदांत, मरण म्हणजे सासरी जाणं. हे जग माहेर, देव प्रियकर. आपल्या वारकऱ्यांकडे उलट आहे. 'माझे माहेर पंढरी', नाथांचं. आपण सासुरवास इथे भोगतो आणि शेवटी जातो ते माहेरी. तुकोबा 'आम्ही जातो आपुल्या गावा' म्हणतात, परक्या देशाला नाही. तुमच्या आत्यांनी 'पिया के देस' सोडून 'मागें परतोनी पाहे' धरलं यात मला हेच दिसतं. त्यांनी दिशा बदलली. गाणं पुढे जातंय, त्यांनी मुलीला मागे वळून पाहायला लावलं.

हॉस्टेलवाली

काकू, हे वाचून मी आत्ता घरी फोन केला. बाबांनीच उचलला.

सात सत्तावन्न

माहेरवाशीण ताई, वडील दारात पंचा घेऊन का उभे राहायचे ते मला आज, एकाहत्तराव्या वर्षी, समजतंय असं वाटतं. त्यांची बहीण इंदूरला दिली होती. ती पहिल्याच बाळंतपणात गेली. घरात तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

जुना ओटला

टेपदुरुस्ती काकांनी रात्री दोनपर्यंत बसून काम केलं. फीत साठ मिनिटांची निघाली, बुरशी थोडीच होती. दुवा दिलाय. मागे घुबडासारखा आवाज येतो तो पाण्याच्या पंपाचा आहे.

ओळ सुटते ती जागा सहा मिनिटं दहा सेकंदांवर.

चौदा मात्रा

ऐकलं. चार वेळा. मी तबलावाला आहे, मला तेवढंच कळतं.

ताल दीपचंदी. धा धिं, धा गे तिं, ता तिं, धा गे धिं, मधे अवग्रह, म्हणजे रिकाम्या मात्रा, धरून चौदा. वाजवणारा हौशी नाही, हात तयार आहे. आता बघा. ठुमरीत गायिका ठरवून थांबली की तबल्याला मोकळीक मिळते. तो लग्गी, म्हणजे जलद बोलांची खेळी, लावतो, बोल फुलवतो, सूत्रं त्याच्या हातात येतात. इथे तसं काही होत नाही. 'ले बाबुल घर आपनो' नंतर दोन पूर्ण आवर्तनं, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्या, हा माणूस नुसता सरळ ठेका वाजवतो. उलट आवाज कमी करतो. बायाँ, म्हणजे डग्गा, जवळजवळ बंद. असा ठेका आम्ही एकाच वेळी धरतो, समोर कुणीतरी गाणार असेल आणि त्याची वाट बघायची असेल तेव्हा.

पेटीकडेही लक्ष द्या. आत्या एकच सूर धरून बसल्या आहेत असं तुम्ही लिहिलंत. तो षड्ज नाही. त्या मध्यमावर थांबल्या आहेत, म्हणजे पुढची ओळ जिथून उचलायची तो सूर त्या कुणाला तरी देत आहेत. पहिल्या आवर्तनात एकदा, दुसऱ्यात परत, थोडा जोरात.

त्या ओळ विसरल्या नाहीत. सोडलीही नाही. ती ओळ दुसऱ्या कुणाची होती आणि ते माणूस गाऊ शकलं नाही.

स्वरमंडळ

मान्य. मध्यम मलाही ऐकू आला. शिकवताना मी हजारदा तसा सूर दिलाय आणि ओळखला नाही याचं वाईट वाटतं.

वाडी नाका

सहा मिनिटं बावीस सेकंदांवर बांगड्या वाजतात. खूप बांगड्या. हिरवा चुडा भरलेला हात असावा.

जुना ओटला

दोन दिवस लिहिलं नाही, फोन करत होतो. त्या हिवाळ्यात आमच्या पोळातून तीन मुली सासरी गेल्या. पहिलीचा मुलगा म्हणाला आईला आता आठवत नाही. दुसरी म्हणाली, तिच्या वेळी रेकॉर्डर नव्हता. तिसरी माझी चुलत ताई. नागपूरला असते. तिला मी फोनवर ते दीड मिनिट ऐकवलं. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं फोन कटला.

मग ती म्हणाली, "अरे, ती बांगडी माझी आहे."

ताईनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. लग्न ठरलं की आत्या त्या मुलीला आठवडाभर रोज दुपारी बोलावायची आणि एकच ओळ बसवून घ्यायची, 'मैं चली पिया के देस'. बाकीचं सगळं आत्या म्हणणार, ती ओळ निघणाऱ्या मुलीची. प्रत्येक मुलीनं ती आपापल्या गळ्यानं म्हणायची, आत्या चाल सुधारायची नाही. ताईनं एकदा विचारलं होतं, आत्या, तूच का नाही म्हणत? आत्या म्हणाली, "मी कुठे गेले गं? मी तर परत आले."

म्हणजे ती ओळ आत्यानं आयुष्यात कधी कुणासमोर गायली नाही. बडोद्याची रीत वगैरे काही नव्हती. तिची एकटीची होती.

त्या रात्री ताईचा गळा दाटला. आत्यानं सूर दिला, परत दिला. ओट्यावर चाळीस बायका. ताई म्हणाली, "मला वाटलं आता सगळ्या बघतायत, माझी फजिती झाली. तेवढ्यात आत्यानं 'कन्या सासुऱ्यासी जाये' उचललं आणि सगळ्यांना वाटलं ते तसंच होतं. तिनं मला पदराखाली घेतलं." अभंग आधी ठरलेला नव्हता. तो त्याच क्षणी आला.

तबला वाजवणारे पोळातलेच, प्रतापनगरला रेल्वेच्या कारखान्यात होते. ते आता नाहीत.

चौदा मात्रा

त्यांना माझा नमस्कार. फार कमी जणांना वाट बघत वाजवता येतं.

माहेरवाशीण

मी वर दिशा बदलण्याबद्दल काय काय लिहिलं. खरं तर एका घाबरलेल्या पोरीला सावरलं होतं त्यांनी. मला हे जास्त आवडलं.

हॉस्टेलवाली

दादा, एक विचारू? तुमच्या ताई आता ती ओळ म्हणतील का? मी तो दुवा ऐकताना त्या रिकाम्या जागेत हळूच म्हणून पाहिलं, दीपचंदीत बरोबर बसतं. पण नंतर वाटलं, ती माझी जागा नाही. ज्यांची आहे त्यांनी म्हटल्यावर मग मी आपली वेगळी म्हणेन.

जुना ओटला

ताईला तुझा प्रतिसाद वाचून दाखवला. एकसष्ट वर्षांची आहे, गुडघे धरलेत, पण शनिवारच्या गाडीनं येते आहे. म्हणाली, चाल आठवते, शब्द आठवतात, गळ्याचं तिथे गेल्यावर बघू.

रविवारी सकाळी आठला ओट्यावर बसू. किल्ली अकराला द्यायची आहे. टेंपो सांगितलाय, पण पेटी सगळ्यात शेवटी चढवू. पेटीवर स्वरमंडळ सर बसतो म्हणालेत, तबला चौदा मात्रा आणतील, टेपदुरुस्ती काका माइक लावतील. सात सत्तावन्न काका, तुमच्यासाठी खुर्चीची सोय केली आहे, वरच्या पायरीशी. हॉस्टेलवाली, तू नक्की ये, फतेगंजहून रिक्षा थेट मिळते. जे बडोद्यात आहेत त्या सगळ्यांना आमंत्रण. पत्ता निरोपात विचारा. नंतर शेव-उसळ सांगितली आहे.

सतरंज्या बांधून गेल्या आहेत. येताना जमलं तर एखादी घेऊन या.